किरण काढ

धुळ्याला मामांच्या घरी माडीवर जायला लोखंडी जिना होता. त्यावर कुणी पाय ठेवला की सगळ्या गल्लीला कळायचं. मामी म्हणायची, आपल्याकडे चोराची भीती नाही, आला तर आधी शेजारीच जागे होतील. पण त्या घराचा खरा आवाज जिन्याचा नव्हता, गिरणीचा होता. भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी, आणि सकाळी तिचा पट्टा एकदा फिरायला लागला की दुपारच्या जेवणापर्यंत घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. फैजपूरहून मी नवीन आले तेव्हा मला वाटलं, ही सगळी मंडळी माझ्यावर चिडलेली आहेत. मामी 'चहा घे' एवढंसुद्धा अशा आवाजात म्हणायची की कप घेताना मी आधी माफी मागायची. गिरणी बंद झाली तरी थोडा वेळ सगळे सवयीने ओरडतच राहायचे. माझी मुलगी आजही म्हणते, आई, तू फोनवर बोलतेस तेव्हा फोनची गरजच काय. ती धुळ्याची देणगी आहे.

मी तिथे गेले ते बारावीनंतर, कॉम्प्युटर शिकायला. निदान नातेवाइकांना तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे बारावीत मी जे दिवे लावले होते ते पाहून माझं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच सुचत नव्हतं, आणि त्या काळात काही सुचलं नाही की पोरांना कॉम्प्युटरच्या क्लासला घालत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, यावलच्या डेपोत कंडक्टर होते. बोलायचेही तिकिटासारखं. कुठून, कुठे, संपलं. "धुळ्याला मामाकडे जा. कॉम्प्युटर शीक." एवढ्यावर माझं भवितव्य ठरलं. आईने केळ्याचे वेफर डब्यात भरून दिले आणि दारात उभं राहून बजावलं, मामीकडे दुसऱ्यांदा भाजी मागू नकोस, बरं दिसत नाही. तो उपदेश पहिल्याच संध्याकाळी मोडला, कारण त्या संध्याकाळी मामीने शेवभाजी केली होती. वर तर्रीचा लाल थर, खाली काळा मसाला, आणि ताटात पडेपर्यंत कुरकुरीत राहिलेली शेव. मी तिसऱ्यांदाही मागितली. मामीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हाई पोर राहीन आठे." ही मुलगी इथे टिकेल, असं तिचं निदान होतं. क्लास, परीक्षा वगैरे काही न बघता, नुसत्या भाजीवरून.

मामांना गल्लीत सगळे नाना म्हणायचे. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि माडीवर स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली, पडदे लावून काळोख केलेली, त्यात दोन कॉम्प्युटर. एक चालायचा आणि दुसरा गिऱ्हाइकांना दाखवायला होता. मामांचा एकुलता एक मुलगा प्रवीण, माझ्यापेक्षा थोडा मोठा म्हणून मी त्याला प्रवीणदादा म्हणायची. तो कॅमेरा चालवायचा, आणि बरा चालवायचा. पण कॉम्प्युटरसमोर बसायचा त्याला मनस्वी कंटाळा. "डोळे जातात," असं म्हणून तो जिना दणाणत पानाच्या टपरीवर जायचा. माझा क्लास सकाळीच संपायचा, आणि मग उरलेला दिवस त्या रिकाम्या खुर्चीत मी बसायला लागले. कुणी मला बसवलं नाही आणि कुणी उठवलंही नाही. त्या घरात माझी नेमणूक झाली ती अशी.

त्या कॉम्प्युटरमध्ये चित्रांचे थर एकावर एक रचायचं सॉफ्टवेअर होतं. मामांनी ते कुठून आणलं हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते सांगतील असंही वाटलं नाही. त्याची सगळी माहिती इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी बारावीच्या निकालात सगळ्यांनी पाहिलेलं. पण बटणं दाबून काय होतं हे बघायला इंग्रजी लागत नाही. आणि एका दुपारी असंच चाचपडताना मला किरण सापडला. नवरानवरीच्या नावांमागून उजेडाचे पट्टे बाहेर पडावेत अशी तेव्हा लग्नाच्या सीडीत फार हौस होती. मोठ्या शहरांतल्या सीडीत ते असायचे, आमच्यात नसायचे. मला कळलं ते असं: चित्रातला उजळ भाग तेवढा वेगळा घ्यायचा, त्याची नक्कल वरच्या थरावर ठेवायची, मग ती एका बिंदूपासून बाहेर अशी पुसट ओढत न्यायची की जणू कुणी ओल्या रंगावरून बोट फिरवलं. कडा मऊ करायच्या. आणि शेवटी तो थर खालच्यावर अशा पद्धतीने टाकायचा की त्यातला काळा रंग विरून जातो आणि नुसता उजेड शिल्लक राहतो. मग त्यात थोडी हळद. मी मामांना हाक मारली. मामा आले, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "किरणने किरण काढला." स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येकाला तो ऐकवून आले. तेव्हापासून त्या घरात माझं नाव आणि उजेडाचा पट्टा यांत काही फरक उरला नाही. "किरण जेवली का?" "किरण जरा पिवळा कर." दोन्ही वाक्यांना मी ओ द्यायची.

आता माझी मुलगी मोबाईलवर बोट टेकवते आणि देवघरातल्या बाळकृष्णामागून बारा दिशांना किरण फुटतात. तिला मी एकदा सांगायला गेले की आम्हाला यासाठी वीज यायची वाट बघत बसावं लागे. ती म्हणाली, "आई, वीज तर तुझ्या आजीच्या वेळी पण होती ना?" मी विषय सोडला. भारनियमन हा शब्द तिने ऐकलेलाच नाही, बरंच आहे. आमच्याकडे कॉम्प्युटर एकेक चित्र शिजवत बसायचा, पट्टी हळूहळू भरत जायची, आणि ती भरत आली की नेमकी वीज जायची. प्रवीणदादा म्हणायचा, तुझ्या किरणांनीच धुळ्याची लाईट खाल्ली.

मामांच्या मनात एक मोठं काम होतं. श्रावणात आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, टिकली लावून, साज चढवून चौरंगावर मांडलेली देवी. रविवारी बसते आणि सोमवारी वाजतगाजत पाण्याला जाते. मामांनी कानबाईच्या गाण्यांची सीडी काढायचं ठरवलं, आणि ती गल्लीत पडदा लावून कानबाईच्याच दिवशी दाखवायची. चित्रण झालं, गाणी झाली. "आता आईच्या मागून तेज आलं पाहिजे," मामा म्हणाले. मी मान हलवली, जणू तेज हे किराण्यात मिळतं. माझा पहिला प्रयत्न मामीने पाहिला. तिने आधी हात जोडले, मग हात सोडले, आणि म्हणाली, "कानबाईमांगे टरक उभा शे का व?" खरंच तसं दिसत होतं. देवीच्या मागे घाटात ट्रक येऊन थांबलाय आणि ड्रायव्हर दिवे विझवायला विसरलाय. मी रडकुंडीला आले. उजेड होता, पट्टे होते, हळदही होती, आणि तरी ते खोटं होतं.

कशामुळे खोटं, ते मला दळण आणायला गेले तेव्हा समजलं. गिरणीच्या पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप जात्याच्या तोंडावर पडलेली. पीठ उडत होतं म्हणून ती तिरीप दिसत होती. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला, पीठ खाली बसलं, आणि तिरीप गेली. ऊन तिथेच होतं, जमिनीवर रुपयाएवढा डाग होता, पण मधला पट्टा गायब. मग त्याने पुन्हा गिरणी सुरू केली आणि डबा ओतायला हात पुढे केला, तर हाताने तिरीप मधेच कापली गेली आणि खाली हाताची लांब सावली पडली. मी डबा तिथेच ठेवून घरी पळाले. मामी ओरडत राहिली, "पीठ कोठे शे?" मी माडीवरून ओरडले, "इथेच घालतेय." त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कामात एक थर वाढला. धुरकट, हलता, बारीक कणांचा. नाव मी ठेवलं 'पीठ'. उजेडाच्या थराचं नाव 'तिरीप'. प्रवीणदादाने एकदा ती नावं वाचली आणि विचारलं, "काय गं, पोळ्या लाटतेस का आत?" पण पीठ घातलेली ती तिरीप जेव्हा कानबाईच्या खांद्यावरून उतरली आणि आरतीचं ताट फिरवणाऱ्या बाईच्या हाताने मधे कापली गेली, तेव्हा मामीने पुन्हा हात जोडले. पदर डोक्यावर घेऊन खाली निघून गेली. मला एवढी शाबासकी आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. मुलं झाली तेव्हाही नाही.

आषाढात मी फैजपूरला गेले तेव्हा घरात यावलच्या स्थळाची बोलणी चालली होती. मला कुणी सांगितलं नाही, पण घरात अचानक नवीन कपबशा दिसल्या की मुलीला समजतं. मी आबांना म्हटलं, मला हेच काम करायचंय. जळगावला मामांच्या ओळखीचं एक केबलवाल्यांचं ऑफिस आहे, ते मुलींना घेतात, मावशीकडे राहीन. आबा ओसरीवर बसून बूट पुसत होते.

"तू करतेस हे लोकांना कळतं का?" त्यांनी विचारलं.

"शेवटी पाटी येते ना आबा. सगळ्यांची नावं येतात."

"तुझं येतं?"

"या वेळी येणार आहे. मामांनी सांगितलंय."

त्यांनी दुसरा बूट घेतला. "मग दिसू दे नाव. मी येईन बघायला. दिसलं तर जळगाव. नाही दिसलं तर यावल."

"शब्द?"

"शब्द."

आबांनी शब्द देणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती, कारण एरवी ते शब्दच देत नसत, कुठल्याच अर्थाने. मी धुळ्याला परतले ती जवळजवळ उडतच.

कानबाई जवळ आली तसं घर गव्हाने भरून गेलं. रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायचे, तर घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. मामा नावं घेत होते, मामी सुपात धरत होती. आमच्या चुलत्यांकडे मी हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्यात माझं नाव नाही याचं मला काही वाटलं नाही. शिवाय मामांच्या घरचे रोट मला खायलाही मिळणार नव्हते. रोट आपल्या कुळातल्यांनीच खायचे, आणि बहिणीची मुलगी पडली दुसऱ्या कुळाची. मामी म्हणाली, तुझ्यासाठी वेगळी पुरणपोळी करते, तोंड नको पाडू. मी म्हटलं, माझी मूठ वर माडीवर पडणार आहे. मी त्या दिवसांत अशीच बोलायची.

कानबाईच्या दोनतीन दिवस आधी मामा सीडीच्या नकला काढायच्या कामाला जळगावला गेले होते. प्रवीणदादा टपरीवर. मी माडीवर, शेवटची पाटी जुळवत. पाटी साधी होती: वर 'निर्मिती: नाना', मग 'छायांकन: प्रवीण', आणि खाली 'संकलन: कु. किरण'. तेवढ्यात खालचा फोन वाजला. मामीने उचलला, बोलली, आणि जिन्याच्या तळाशी येऊन गिरणीच्या वरताण ओरडली, "तुना मामाना फोन व्हता. प्रवीणले सांग म्हने, शेवटनी पाटीमा किरण काढ."

मी "बरं" म्हणून ओरडले. निरोप प्रवीणदादाला होता, पण त्याला किरण काढता येत नव्हता हे मामांनाही माहीत होतं. म्हणजे काम माझंच. आणि मला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. सगळ्या सीडीभर किरण आहेत आणि शेवटची पाटी मात्र कोरडी. मामांची नजर मोठी, असं मी मनाशी म्हटलं. अख्खी दुपार मी त्या पाटीवर घातली. डाव्या कोपऱ्यातून एक तिरीप निघते, तिरकी उतरते, पीठ तिच्यात तरंगतंय, 'नाना' या अक्षरांच्या मधून गाळून निघते आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबते. 'कु.' पासून 'ण' पर्यंत. मधल्या ओळीची सावली माझ्या नावावर पडत होती म्हणून मी प्रवीणदादाचं नाव थोडं बाजूला सरकवलं. हळूच. वीजसुद्धा त्या दुपारी गेली नाही. मी केलेल्या सगळ्या किरणांत तो उत्तम होता, हे मी आज, चाळिशी ओलांडून, पाठदुखीचा पट्टा बांधून लिहिते आहे, म्हणजे विचार करूनच लिहिते आहे. दुसऱ्या सकाळी मी क्लासला गेले तेव्हा सीडी पूर्ण करून जळगावला पाठवायचं काम प्रवीणदादाने केलं. मी परत येईपर्यंत ती गेली होती.

कानबाईच्या रविवारी आबा दुपारच्या गाडीने आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात केळ्यांची फणी. खाकीशिवाय ते मला नेहमी थोडे अपुरे वाटायचे. शिंदखेड्याहूनही पाहुणे आले होते, प्रवीणदादाला बघायला. मुलीचे वडील, काका आणि एक आजोबा. त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या. दिवेलागणीला गिरणीच्या शटरपासून विजेच्या खांबापर्यंत पांढरी चादर ताणून बांधली आणि सीडी लागली. मी आबांच्या शेजारी मुद्दाम जागा धरली होती. कानबाईच्या खांद्यावरून तिरीप उतरली तेव्हा मागे बसलेल्या बायांतली कुणीतरी म्हणाली, "माय व, तेज पडनं." हात जोडले गेले. मी आबांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक डोळ्यांत दिसू नये म्हणून बघताहेत. मला तेव्हा सगळ्याचा चांगलाच अर्थ लागायचा.

मग पाटी आली. डाव्या कोपऱ्यातून तिरीप निघाली, पीठ तरंगलं, 'नाना' मधून ती गाळून निघाली आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबली. तिथे लिहिलं होतं: 'छायांकन व संकलन: प्रवीण'. माझी ओळ नव्हती. अक्षरं तेवढ्याच जागेत बसवली होती, आणि तिरीप अगदी नेमकी त्यांच्यावर पडली होती, सावलीशिवाय. लोक टाळ्या वाजवायला लागले. शिंदखेड्याचे काका प्रवीणदादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे नावावर ऊन पाडलं, हे तुम्हीच केलं का हो?" प्रवीणदादा म्हणाला, "हो ना. वेळ लागतो त्याला फार."

मी त्याला लोखंडी जिन्यापाशी गाठलं. "दादा, माझं नाव कुठे गेलं?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "बाबांचा फोन आला होता ना. तू निरोप नाही घेतला का? आईने मला विचारलं, निरोप मिळाला का म्हणून. बाबांनी सांगितलंय, पाटीतून किरण काढ."

"काढला की मी. अख्खी दुपार बसून काढला."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याला हसू आवरेना. दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून तो हसला. "अगं येडे," तो म्हणाला, "तुला काढायचं होतं."

धुळ्याच्या बोलीत 'पाटीमा' म्हणजे पाटीत आणि 'पाटीमाईन' म्हणजे पाटीतून. मामी 'पाटीमाईन' म्हणाली होती. ते 'ईन' गिरणीच्या पट्ट्यात गेलं. आणि आमच्या फैजपूरकडची बोली वेगळी, त्यामुळे जे ऐकू आलं तेवढ्यावर मी भागवलं. कुणाला नोकरीवरून काढताना असं कधी झालं असेल असं मला वाटत नाही, की ज्याला काढायचं त्यानेच निरोप घ्यावा, 'बरं' म्हणावं, आणि आपल्या जागेवर दुसऱ्यासाठी दिवा लावून ठेवावा.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेर गाणी सुरू झाली होती. मामी पुरणपोळी ताटात घेऊन आली, तूप सोडलं आणि माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, मामांनी असं करायला नको होतं. प्रवीणदादाचं लग्न जमवायचं तर जमवा, पण मला सांगायचं तरी. मी सगळ्यांत जास्त प्रेम या घरावर केलं. मी असंच काहीबाही म्हणत होते, आणि मामी खाली बघून पोळीचे तुकडे करत होती, जसे लहान मुलासाठी करतात.

"तुना मामानं डोकं नही ते," शेवटी ती म्हणाली. "मी बी आतेच ऐकं. तुना आबानी फोन कया व्हता. डेपोमाईन. आंडेरनं नाव पडदावर नको, म्हने. यावलनी बोलनी चालू शे, लोक व्हिडिओवाली म्हनतीन. तुना मामाले तं ते गोडच वाटनं."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, हळू, शब्द सुटे करून, 'डेपोमाईन' मधलं 'ईन' नीट ऐकू येईल असं. त्यात काही चूक नव्हती: डेपोतून फोन आबांनीच केला होता, लेकीचं नाव पडद्यावर नको म्हणून.

आमची ओसरी, तो बूट, तो शब्द. दिसलं तर जळगाव, नाही दिसलं तर यावल. पैज लावून मग स्वतःच जाऊन निकाल लिहून आले होते. आणि तरी इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आले. मला अजून कळत नाही की ते का आले. न येता निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. कदाचित शब्दातला तेवढा भाग त्यांना पाळायचा होता, येईन म्हणालो होतो, आलो.

दुसऱ्या दिवशी कानबाई पाण्याला गेली आणि आम्ही एसटीत बसलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. आबा खिडकीकडे मला बसवून स्वतः कडेला बसले होते. गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने आमची तिकिटं फाडली नाहीत, तर आबांनी त्याला फाडायला लावली. इतका सरळ माणूस.

जळगाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "नाव नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"ठरलं होतं आपलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. मला सगळं बोलता आलं असतं. तोंडात शब्द तयार होते, आणि धुळ्याने आवाजही दिला होता. पण मला एकदम असं वाटलं की मी बोलले तर ते खोटं बोलतील, आणि आबांना खोटं बोलताना मला ऐकायचं नव्हतं. "ठरलं होतं," मी म्हटलं. जळगावच्या स्टँडवर आम्ही गाडी बदलली. केबलवाल्यांचं ते ऑफिस स्टँडच्या मागच्याच रस्त्याला होतं. आबांनी मला रसवंतीवर उसाचा रस पाजला, आणि त्यात आलं जास्त घालायला सांगितलं, कारण मला तसा आवडतो हे त्यांना माहीत होतं.

लग्न यावललाच झालं. नवरा भला आहे, हे माझ्याकडून कुणी लिहून घेतलेलं नाही. त्याच्या घरात मी वाढदिवसांच्या, मुंजींच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या फिती जोडून देते, आणि सगळे म्हणतात, किरणला हौस आहे.

मोठा मुलगा पोटात असताना मी श्रावणात माहेरी गेले होते. आबांचे डेपोतले दोन मित्र घरी आले होते. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि बाहेरून गाणं ऐकू आलं. मला ते ओळखायला एक ओळसुद्धा लागली नाही. ती सीडी आबांकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. मी कप ट्रेमध्ये ठेवून दारापर्यंत आले तर पडद्यावर कानबाई होती आणि आबा खुर्चीच्या कडेला येऊन, टीव्हीला बोट लावून मित्रांना दाखवत होते. "हे ऊन बघा. खरं नाही ते. आतली धूळ पण खरी नाही. बघा, त्या बाईचा हात आला की कसं तुटतं. हे सगळं आमच्या किरणने बनवलं, एका जागी बसून." मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळलेला होता. लग्न झालं होतं, यावल पक्कं झालं होतं, पोटात नातू होता. आता व्हिडिओवाली म्हणून कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

पाटी आली. तिरीप उतरली. मित्रांपैकी एकाने डोळे बारीक करून वाचलं. "छायांकन व संकलन, प्रवीण. अहो, हे तर कुणा प्रवीणचं दिसतंय."

"छे, छे," आबा म्हणाले. "नाव काय हो, नाव कुणीपण टाकतं. काम तिचं आहे. हिलाच विचारा."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे टेबलावर ठेवला. एकेक कप उचलून दिला, आधी पाहुण्यांना, मग आबांना.

"प्रवीणदादाचंच आहे ते, आबा," मी म्हटलं. "नाव आहे ना त्याचं खाली."

"तेच म्हटलं मी," मित्र म्हणाला.

आबांनी कप बशीत ओतायला घेतला. ओतत राहिले. बशी भरली, चहा कडेवरून त्यांच्या धोतरावर गेला, तरी कप वाकडाच होता. मी फडकं आणायला आत गेले, आणि फडकं समोरच होतं तरी लवकर बाहेर आले नाही.